फुलांची शेती पाहायला जायचंय? आधी तोडणीची वेळ विचारा

प्रश्न असा होता: वेगवेगळ्या प्रदेशांतली फुलशेती पाहायला जायचं आहे, तर कुठे जावं, कोणत्या महिन्यात जावं, आणि फोटो काढण्यापलीकडे तिथे पाहायचं तरी काय?

माझं कामच फुलांचं आहे. हरितगृहं उभी करून देणं, लागवड बसवून देणं, तोडणीपासून पॅकहाउसपर्यंतची घडी लावून देणं. त्या निमित्ताने दुसऱ्यांची शेतं पाहण्याची गोडी लागली आणि ती कामापेक्षाही वरचढ झाली. तेव्हा उत्तर लांबेल. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पूर्ण उमललेलं फूल शेतकऱ्याला बहुधा नको असतं.

गुलाबाच्या हरितगृहात उमललेलं फूल म्हणजे तोडणीतून सुटलेला, विक्रीतून बाद झालेला दांडा. मोगऱ्याच्या मळ्यात ते म्हणजे काल तोडायची राहून गेलेली कळी. केशराच्या वाफ्यात ते म्हणजे झालेला उशीर. ट्यूलिपच्या शेतात तर फुलाची मुंडीच छाटून टाकतात. पाहुणा फुलोरा पाहायला येतो आणि शेतकरी सांभाळत असतो कळी, कंद, तेल किंवा तीन लाल तंतू. म्हणून 'फुलं कधी असतात?' हा प्रश्न अर्धाच आहे. 'तोडणी कधी चालते, आणि दिवसाच्या कुठल्या प्रहरी?' हे विचारलंत की शेत खरं दिसायला लागतं.

ट्यूलिपपासूनच सुरुवात करू, कारण बहुतेकांच्या मनात पहिलं चित्र तेच असतं. नेदरलँड्समध्ये हार्लेम आणि लायडन या शहरांच्या मधोमध, लिसे गावाच्या आजूबाजूला कंदफुलांचा जुना पट्टा आहे. तिथलं क्यूकेनहॉफ नावाचं उद्यानच लोकांना माहीत असतं. ३२ हेक्टरांवर दर वर्षी सुमारे ७० लाख कंद लावतात, १९५० पासून ते लोकांना खुलं आहे, आणि मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. जरूर पाहा. पण ती प्रदर्शनाची बाग आहे, शेत नव्हे. शेत कुंपणाबाहेर आहे आणि तिथे चाललेलं काम अगदी वेगळं आहे.

तिथला शेतकरी कंद विकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंद जमिनीत जातात, हिवाळाभर थंडी खातात, एप्रिलमध्ये फुलतात. या झाडाला फुलण्यासाठी दहा अंशांखालची थंडी तीन-चार महिने लागतेच; ती मिळाली नाही तर दांडा उंच येत नाही, फूल पानांतच अडकतं. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागची ही जमीन चुनखडीची, भुसभुशीत वाळू आहे. पाणी लगेच निचरतं, आणि चहूबाजूंनी असलेल्या चरांमुळे भूजलाची पातळी वितभर इकडे-तिकडे होऊ देत नाहीत. कंद कुजत नाही आणि काढताना माती चिकटत नाही. जगात थंडी पुष्कळ ठिकाणी आहे, पण थंडी, वाळू आणि हातात असलेलं पाणी हे तिन्ही एकाच जागी मिळणं दुर्मीळ.

आता फुलाचं काय? फूल टिकलं तर झाड बीजाकडे वळणार आणि कंद लहान राहणार. म्हणून फुलोरा भरात आला की यंत्र येतं आणि फुलांच्या मुंड्या उडवत जातं. सरींमध्ये लाल-पिवळ्या पाकळ्यांचा थर पडतो आणि शेत दिवसभरात हिरवं होतं. पाहुण्यांचा जीव हळहळतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र पीक आत्ता कुठे सुरू झालेलं असतं, कारण पुढचे सहा-सात आठवडे पानं कंदात अन्न भरणार आणि जून-जुलैत काढणी होणार.

मग मुळात फुलूच का देतात? कारण भेसळ आणि रोग फुलावरच ओळखू येतात. एप्रिलमध्ये लिसेच्या बाजूला गेलात तर सरीतून अगदी सावकाश चालणारी माणसं शोधा. मान खाली, नजर दोन्ही बाजूंच्या ओळींवर. पाकळीवर रंगाची एखादी तुटक रेघ किंवा पानावर फिकट पट्टा दिसला की ते झाड कंदासकट बाहेर. ही विषाणूची खूण. मावा हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. हे पट्टे संसर्गाने पसरतात, हे १९२८ मध्ये डोरोथी केली या संशोधिकेच्या प्रयोगांतून पुढे आलं. १६३७ मध्ये कोसळलेल्या त्या प्रसिद्ध ट्यूलिप-सट्ट्यात ज्या पट्टेदार फुलांना सगळ्यात जास्त भाव होता, ते पट्टे याच रोगाचे होते. तेव्हा ज्या फुलासाठी लोक घर गहाण टाकायला निघत, तेच आज शेतातून उपटून फेकतात. रोगी झाडं शोधणाऱ्या त्या माणसाला काम करताना अर्धा तास पाहणं हा माझ्या मते त्या सगळ्या पट्ट्यातला सर्वांत मोठा आनंद आहे. तुम्हीही रस्त्यावर उभं राहून शोधून पाहा. हजारो सारख्या फुलांतलं एक वेगळं फूल दिसायला डोळ्यांना वेळ लागतो, पण एकदा दिसलं की मग दिसतच राहतं.

आणि कृपा करून सरीत उतरू नका. बुटाच्या मातीतून सूत्रकृमी आणि बुरशी एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात, मोडलेलं पान कंदाचं अन्न तोडतं. तिथे अनेक शेतांच्या कडेला तशा पाट्या लावलेल्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. सायकल घ्या, कालव्याकाठच्या रस्त्यांनी हिंडा. वारा असेल त्या बाजूने हायसिंथचा वास येतो तेव्हा शेत पाव किलोमीटर आधीच कळतं.

गुलाबाकडे वळू. इथे प्रदेशाचा सगळा हिशोबच बदलतो.

एक्वाडोरमध्ये कायांबे नावाच्या ज्वालामुखीच्या उतारांवरून विषुववृत्त जातं. त्याच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून २८०० मीटर आणि त्याहून वर, गुलाबाची हरितगृहं आहेत. कोलंबियात बोगोटाभोवतीचं पठार सुमारे २६०० मीटरवर आहे. केनियातलं नैवाशा सरोवर १९०० मीटरच्या आसपास. चीनच्या युनान प्रांतातलं कुनमिंग, जिथे दौनानचा प्रचंड फूलबाजार भरतो, तेही जवळपास तेवढ्याच उंचीवर. कुनमिंग सोडलं तर बाकी सगळी विषुववृत्ताच्या अगदी जवळ. हा योगायोग नाही. विषुववृत्तावर बारा महिने बारा तासांचा दिवस मिळतो, आणि उंचीमुळे रात्र गार असते. दिवसा पान जे अन्न तयार करतं, ते उष्ण रात्री झाड श्वसनात उडवून टाकतं. गार रात्री ते शिल्लक राहतं. वाढ मंदावते, कळीला तयार व्हायला जास्त आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत तिच्यात पाकळ्या भरतात, दांडा जाड होतो, रंग गडद होतो. कायांबेच्या गुलाबाचं डोकं हातात घेतलंत तर त्याचं वजनच सांगतं की हे सावकाश वाढलेलं फूल आहे.

कोलंबियाची गोष्ट मला विशेष आवडते, कारण तिची सुरुवात अभ्यासातून झाली. १९६७ मध्ये डेव्हिड चीव्हर नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्याने कोलोरॅडोच्या विद्यापीठात एक अहवाल लिहिला. कार्नेशन आणि तशा फुलांसाठी बोगोटाच्या पठाराचं हवामान कसं योग्य आहे, हा त्याचा विषय. दोन वर्षांनी तो काही भागीदारांबरोबर तिथे गेला आणि फ्लोरामेरिका ही कंपनी सुरू झाली. आज फुलांच्या निर्यातीत नेदरलँड्सच्या खालोखाल कोलंबियाचं नाव येतं.

अशा हरितगृहात तुम्ही पहिल्यांदा गेलात तर हिरमोड होण्याची शक्यता आहे. फुलं दिसतच नाहीत! दिसतात पानं, दांडे आणि मिटलेल्या कळ्या. त्यांतल्या कित्येक कळ्यांवर जाळीच्या नाहीतर कागदाच्या टोप्या. तेव्हा तोडणी करणाऱ्याच्या मागे उभे राहा. तो कळी बोटांनी हलकेच दाबून पाहतो, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या कडेला सुटल्यात का ते बघतो. मग त्याची नजर कळीवरून खाली घसरते आणि दांड्याच्या तळाशी थांबते. पाच पर्णिकांचं पान कुठे आहे, त्याच्या बगलेतला डोळा, म्हणजे नवा फुटवा जिथून येणार ती जागा, कसा आहे, बाहेरच्या बाजूला आहे ना? कात्री तिथे, डोळ्याच्या थोडी वर. आज दोन इंच जास्त दांडा मिळवण्याच्या लोभात चांगला डोळा गेला तर पुढचं फूल बारीक येणार. म्हणजे प्रत्येक काप हा आजची तोडणी आणि पुढच्या खेपेची छाटणी, दोन्ही असतो. पाहता पाहता दांडा पाण्याच्या बादलीत गेलेला असतो आणि हात पुढच्या झाडावर.

झाडाच्या तळाशी आडवे वाकवलेले फुटवे दिसले तर ते मोडलेले आहेत असं समजू नका. बारीक, विक्रीला न येणारे फुटवे मुद्दाम वाकवून ठेवतात. त्यांची पानं अन्न तयार करत राहतात आणि वाकलेल्या जागेजवळून जाड, सरळ फुटवा येतो. पॉलिहाउसवाले याला सरळ 'बेंडिंग' म्हणतात. कार्नेशनच्या वाफ्यात बायका दांड्यावरच्या बाजूच्या कळ्या खुडताना दिसतील. एका दांड्यावर एकच मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या जातात, आणि झुबक्याचं फूल हवं असेल तर उलट, मधली शेंड्याची कळी काढून टाकतात. दोन्ही प्रकार शेजारशेजारच्या वाफ्यांत पाहायला मिळाले तर भाग्य समजा.

त्यानंतर पॅकहाउस चुकवू नका. लांबीप्रमाणे प्रतवारी होते, चाळीस, पन्नास, साठ, सत्तर सेंटिमीटर. वाकडी मान, पानावरचा भुरीचा ठिपका, पाकळीवरचा फुलकिड्यांचा ओरखडा, सगळं एका नजरेत टिपणारी माणसं तिथे असतात. गड्डी बांधली की ती दोन ते चार अंशांच्या शीतगृहात जाते आणि विमानापर्यंत ती साखळी तुटता कामा नये.

पाहुणे हमखास विचारतात की या गुलाबांना वास का नाही. वर्षानुवर्षं निवड झाली ती फुलदाणीत जास्त दिवस टिकणाऱ्या, प्रवास सोसणाऱ्या, रंग न सोडणाऱ्या वाणांची. त्यात वास मागे पडला. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की गुलाबाच्या वासाचा एक मोठा भाग पाकळीतल्या एका विशिष्ट विकरावर (एन्झाइमवर) अवलंबून असतो आणि बिनवासाच्या वाणांत त्याचं काम जवळजवळ थंडावलेलं असतं.

गुलाबाच्या मोठ्या शेतांवर जाताना आणखी एक गोष्ट मोकळेपणाने विचारा: पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? नैवाशाला हा प्रश्न फार जवळचा आहे. सरोवरातून नदी बाहेर पडत नाही, तरी पाणी गोडं राहतं, कारण ते जमिनीखालून झिरपून जातं. अशा सरोवराकाठी शेकडो हेक्टर हरितगृहं असतील तर उपसा आणि खतांचं पाणी या दोन्हींची काळजी घ्यावीच लागते. चांगले शेतकरी निचऱ्याचं पाणी गोळा करून पुन्हा वापरतात, पाणवनस्पतींच्या तळ्यांतून गाळून सोडतात, आणि ते अभिमानाने दाखवतात. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर पूर्ण पोशाख आहे का, फवारणी झालेल्या भागावर पुन्हा आत जाण्याची वेळ लिहिलेली पाटी आहे का, हेही पाहा. ज्याचं काम नीट आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. फेब्रुवारीच्या चौदा तारखेआधीचा, म्हणजे व्हॅलेंटाइन डेआधीचा महिना मात्र टाळा. त्या पिकाची छाटणी आदल्या नोव्हेंबरच्या सुमारास झालेली असते आणि जानेवारीत सगळी शेतं दिवसरात्र राबत असतात. पाहुण्याशी बोलायला कुणालाही उसंत नसते.

वासाचा गुलाब हे निराळंच पीक. बल्गेरियात कझानलक गावाभोवती, बाल्कन पर्वताची मुख्य रांग आणि स्रेदना गोरा यांच्यामधल्या खोऱ्यात दमास्क गुलाब उघड्यावर वाढतो. उत्तरेचा वारा डोंगर अडवतो, मे-जूनच्या सकाळी दमट आणि ढगाळ असतात. हा दमटपणाच तिथलं भांडवल, कारण कोरड्या उन्हात पाकळीतलं तेल उडून जातं. तोडणी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते आणि ऊन चढलं की, साधारण नऊ-दहाला, थांबते. कात्री नाही. अंगठा आणि दोन बोटं फुलाच्या खाली जातात, देठाला बाजूला एक झटका, टक्‌ असा आवाज, फूल पिशवीत. मेच्या मध्यापासून तीन-चार आठवडे, रोज. पोत्यात दाबून भरलेली फुलं स्वतःच तापायला लागतात. हात घालून पाहा, आत ऊब जाणवते. ती ऊब म्हणजे आंबण्याची सुरुवात, तेल घटायला लागलं. म्हणून पोती ताबडतोब भट्टीवर जातात. एक किलो तेलाला साधारण तीन ते चार हजार किलो फुलं लागतात. पहाटे शेतात उभं राहून एकेका फुलाचं वजन हातात घेतलं की या आकड्याचा अर्थ पोचतो.

तुर्कस्तानात इस्पार्ता, इराणमध्ये काशानजवळचं कमसर, मोरोक्कोत कलात मगूना, अरबस्तानात ताइफ, ही सगळी याच गुलाबाची गावं. प्रत्येकाचा हंगाम थोडा वेगळा, भट्टी वेगळी. उत्तर भारतातल्या कनौजला तांब्याच्या डेगेतून, म्हणजे फुलं उकळायच्या हंड्यातून, बांबूच्या नळीने वाफ पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे ती गार होऊन साठते त्या भांड्यात जाते. तिथे आधीच चंदनाचं तेल असतं आणि गुलाबाचा वास त्यात उतरतो. डेगेला मापक नसतो. कारागीर भपक्याला हात लावून आच किती ठेवायची ते ठरवतो.

मोगरा आणि जाई-चमेलीच्या वर्गातली फुलं अंधारातच पाहावीत. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे पहाटे पांढरी, फुगलेली, पण घट्ट मिटलेली कळी तोडतात, म्हणजे ती संध्याकाळी उमलते. फ्रान्समधल्या ग्रासला चमेली उमलू देतात, पण उन्हाने वास नेण्याआधी गोळा करतात. मोगरा माळेत उमलायला हवा, म्हणून तोडायचा कळीत. अत्तराला वासच हवा, म्हणून तिथे चमेली उमलण्याची वाट पाहायची. ग्रासच्या सुगंधी शेतीच्या आणि अत्तराच्या कौशल्यांना युनेस्कोने २०१८ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं.

केशर पाहायचं तर काश्मीरमधलं पांपोर. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, एवढाच काळ. जमीन करेवा नावाच्या उंचवट्यांची आहे, जुन्या सरोवराच्या तळाशी साठलेल्या गाळाची. पाणी धरून ठेवत नाही, कंदाला तेच मानवतं. हे झाड वांझ आहे, बी धरत नाही. जगात जिथे कुठे केशर आहे तिथे ते माणसाने कंद उचलून नेल्यामुळेच आहे. फूल थेट मातीतून वर येतं, गुडघ्यापर्यंतही पोचत नाही, त्यामुळे तोडणारा दिवसभर वाकलेला. एक ग्रॅम सुक्या केशराला दीडशेच्या आसपास फुलं. संध्याकाळी फुलं सोलून तंतू वेगळे करण्याचं काम पाहायला बसायची परवानगी मिळाली तर मुळीच सोडू नका. शेतात सगळं जांभळं असतं आणि घरात एका बाजूला जांभळ्या पाकळ्यांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला मूठभर लाल. शेतकऱ्याचं पीक कोणतं आणि पाहुण्याचं कोणतं, ते इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

एक शेत रात्री पाहण्याचं आहे, आणि त्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. जपानमध्ये आइची प्रांतात अत्सुमी नावाचं द्वीपकल्प आहे. शरद ऋतूपासून पुढे तिथली शेवंतीची हरितगृहं रात्री दिव्यांनी उजळलेली असतात. अंधारात समुद्राकाठी मैलभर पसरलेल्या काचेच्या पेट्या, आतून पिवळ्या. हे शोभेसाठी नसतं. शेवंती रात्र मोठी झाली की फुलते. वनस्पती दिवसाच्या लांबीवर फुलण्याची वेळ ठरवतात, हे गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडलं, आणि त्या शोधाचा सगळ्यात चोख उपयोग शेवंतीवाल्यांनी केला. मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावले की झाड फसतं, रात्र लहान आहे असं समजून नुसतं वाढत राहतं. दिवे बंद केले की त्यानंतर वाणाप्रमाणे सात ते दहा आठवड्यांत फूल तयार. म्हणजे शेतकरी बाजाराची तारीख ठरवतो आणि त्यावरून मागे मोजत दिवे मालवण्याची रात्र ठरवतो. उन्हाळ्यात याच्या उलट, काळे पडदे ओढून दिवस लहान करतात. मला विचाराल तर फुलशेतीतलं माणसाचं कसब इतकं उघडं दुसरीकडे दिसत नाही.

लॅव्हेंडरबद्दल थोडक्यात, कारण त्याचे फोटो तुम्ही पाहिलेलेच असतील. प्रोव्हान्समधल्या व्हालांसोलच्या पठारावर जे दिसतं ते बहुतांशी लॅव्हँडिन, म्हणजे संकर. दांडा जवळून पाहा: मुख्य कणसाखाली बाजूला दोन छोटी कणसं असतील तर लॅव्हँडिन, एका दांड्याला एकच कणीस असेल तर खरं लॅव्हेंडर. लॅव्हँडिन छाटकलमांनी वाढवतात, म्हणून सगळी गोल झुडपं एकाच मापाची, एकाच रंगाची. खरं लॅव्हेंडर बियांवरून लावलेलं असेल तर एकाच ओळीत पाच छटा दिसतात आणि ते आठशे-हजार मीटरवर, सो गावाच्या बाजूला सापडतं. व्हालांसोलला जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत जा, सो गावाकडे त्यानंतर. तेलासाठी कापणी होते ती निम्मी फुलं कोमेजल्यावर. म्हणजे फोटोवाले निघून गेल्यावर खरी गंमत सुरू होते, सगळ्या पठारावर भट्ट्यांचा वास पसरतो. तुडतुड्यांमुळे पसरणाऱ्या रोगाने तिथली बरीच शेतं वाळली आहेत, तेही दिसेल. करड्या पडलेल्या झुडपांकडे पाठ फिरवू नका, शेतकऱ्याला विचारा.

पाहुण्यांनी शेत वाचवल्याचं उदाहरण जपानच्या होक्काइदो बेटावर फुरानोला आहे. कृत्रिम सुगंध आणि स्वस्त आयात यांमुळे १९७०च्या दशकात तिथलं लॅव्हेंडर जवळजवळ संपलं. तोमिता कुटुंबाने आपलं शेत मोडलं नाही. १९७६ मध्ये जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या कॅलेंडरवर त्या शेताचा फोटो छापला गेला आणि लोक शोधत येऊ लागले. आज तिथे जुलैत जी गर्दी होते ती त्या एका पानामुळे. तेव्हा शेत पाहायला जाणं म्हणजे शेतकऱ्याच्या कामात निव्वळ लुडबुड, असं मी मानत नाही. नीट गेलात, काहीतरी विकत घेतलंत, तर तुमची फेरी हेही त्या शेताचं एक उत्पन्न असतं.

माझ्या आवडीच्या आणखी दोन जागा. व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशातलं सा देक: जमीन पाण्याखाली जाते, म्हणून फुलांच्या कुंड्या उंच मांडवांवर ठेवतात आणि शेतकरी खालून होडीत उभा राहून पाणी घालतो. चांद्र नववर्षाच्या आधीचे तीन-चार आठवडे गाठा. दुसरी, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापलीकडची सिली बेटं. अटलांटिकचा वारा अडवायला घराएवढ्या उंच कुंपणझाडांनी वेढलेली खोलीएवढी शेतं, आणि त्यांत भर हिवाळ्यात वासाचा नर्गिस. कंद लवकर फुलावेत म्हणून उन्हाळ्यात त्यांना धूर देतात. धुरातला इथिलीन वायू ते काम करतो. गंमत म्हणजे हाच वायू तोडलेल्या फुलाचा वैरी आहे.

आता जाताना पाळायच्या गोष्टी. बूट स्वच्छ धुतलेले, आणि हरितगृहाच्या दारात जंतुनाशकाचं पायपुसणं असेल तर ते टाळून उडी मारू नका. पिवळे आणि निळे कपडे नकोत: फुलकिडे आणि पांढरी माशी या रंगांकडे ओढली जातात, म्हणून तर चिकट सापळे त्या रंगांचे असतात, आणि तुमच्या सदऱ्यावर बसून ती शेजारच्या हरितगृहात जातात. एकाच दिवशी दोन शेतं पाहायची असतील तर आधी रोपवाटिका, मग उत्पादनाचं शेत. उलट कधीही नाही. फवारणी झालेल्या भागात पाटीवरची वेळ उलटेपर्यंत शिरायचं नाही, लहान मुलांना तर नाहीच. कळीला हात लावण्याआधी विचारा, बोटाचा डाग पाकळीवर दोन दिवसांनी उमटतो. आणि फुललेल्या तारखेवर तिकिटं काढू नका. थंडी लांबली, पाऊस आला, की हंगाम आठ-दहा दिवस सहज सरकतो. शेतकऱ्याला महिनाभर आधी एकदा आणि आठवडाभर आधी एकदा विचारा, आणि मुक्काम दोन दिवस सैल ठेवा.

यातली एकच फेरी जमणार असेल, तर मी मेच्या शेवटच्या आठवड्यातलं कझानलक सुचवेन. तोडणी, वजन आणि भट्टी हे तिन्ही एकाच सकाळी, काही किलोमीटरांच्या आत पाहायला मिळतं, आणि परवानगी घेऊन स्वतः तोडताही येतं. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर तिथला गुलाबांचा उत्सव असतो, १९०३ पासून चालत आलेला. तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि शेतांवर गर्दी असते, म्हणून त्याच्या थोडं आधी जा. काट्यांसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा घ्या, दवाने भिजलेल्या ओळींसाठी गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि मुक्काम मोठ्या शहरात न ठेवता खोऱ्यातल्याच एखाद्या गावात ठेवा, म्हणजे पहाटे पाचला शेतावर पोचता येईल.